सक्शन करताना रक्त दिसलं तर...

गेल्या अंकात ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्यात छिद्र करून नळी बसवण्याची शस्त्रक्रिया, झालेल्या मुलांची घरी काळजी कशी घ्यायची, यावर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक भीती पुन्हा पुन्हा दिसली : गळ्यातल्या नळीतून रक्त येतं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी फक्त याच पत्रांना उत्तरं देते आहे. (सक्शन म्हणजे कॅथेटर ही बारीक लवचिक नळी गळ्यातल्या नळीत घालून यंत्राने कफ ओढून काढणं.) लहान मुलांच्या श्वासमार्गाच्या शस्त्रक्रिया हे माझं रोजचं काम आहे. रात्री-अपरात्री आईवडिलांचे जे फोन येतात, त्यांतले कितीतरी याच कारणासाठी असतात.

प्रश्न : माझी मुलगी दीड वर्षाची आहे. श्वासनलिका वरच्या बाजूला अरुंद असल्यामुळे तिच्या गळ्यात ४ नंबरची नळी आहे. गेले काही दिवस सक्शन केलं की कफात गुलाबी रेघा दिसतात. ताप नाही, कफाला वास नाही, मुलगी नेहमीसारखी खेळते. सासूबाई म्हणतात, फुप्फुसातून रक्त येतंय. कफ आत राहून न्यूमोनिया होऊ नये म्हणून मी कॅथेटर अडेपर्यंत आत घालून नीट साफ करते. तरी असं का होतं? – एक आई

उत्तर : तुमच्या पत्रातलं 'अडेपर्यंत' वाचलं आणि कारण बहुतेक तिथेच असावं असं वाटलं. नळी असलेल्या मुलांमध्ये थोडंसं रक्त दिसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे सक्शनच्या कॅथेटरने श्वासनलिकेचं आतलं अस्तर खरवडलं जाणं. ताप नाही, मुलगी खेळते आहे आणि रेघा सक्शनच्या वेळीच दिसतात, हे सगळं त्याच्याशी जुळतं. सासूबाईंना सांगा, की अशा रेघा फुप्फुसातून येण्याची शक्यता फार कमी आहे.

कॅथेटर अडतो कुठे, ते समजून घ्या. श्वासनलिका खाली जाऊन दोन्ही फुप्फुसांकडे दुभंगते. कॅथेटरचं टोक आपटतं ते त्या दुभाजकावर. नवजात बाळाची श्वासनलिका सगळी मिळून ४-५ सेंटीमीटर लांब असते, आणि तुमच्या मुलीची त्याहून थोडीच मोठी. त्यातही नळीने बरीचशी जागा आधीच घेतलेली असते, त्यामुळे नळीच्या टोकापुढे फारसं अंतर उरत नाही. तेवढ्याशा जागेत दिवसातून अनेकदा टोक आपटलं आणि तिथेच यंत्राची ओढ लागली, की नाजूक अस्तर कॅथेटरच्या भोकांत खेचलं जातं आणि सोलून निघतं. असं महिनोन्महिने चाललं तर त्या जागी मांसांकुर वाढतात. ते मऊ आणि रक्ताने भरलेले असतात, नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. काही वेळा ते वाढून नळीचं तोंडच बंद करतात.

म्हणून सक्शन मोजून करायचं. त्याच कंपनीची, त्याच नंबरची आणि लांबीची जुनी, धुतलेली नळी घ्या. राखीव निर्जंतुक नळी यासाठी उघडू नका. त्या जुन्या नळीत कॅथेटर घाला. कॅथेटरच्या टोकाजवळची बाजूची भोकं नळीच्या खालच्या तोंडातून जेमतेम बाहेर आली की थांबा. नळीच्या वरच्या तोंडापाशी कॅथेटरवर सेंटीमीटरचा जो आकडा येईल, तेवढंच आत जायचं. हा आकडा सक्शन यंत्रावर चिकटवा, पलंगाशी चिकटवा, बाहेर न्यायच्या बॅगेवर लिहा. तिला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ हवा. नळीचा नंबर किंवा कंपनी बदलली, मध्ये एखादा जोड आला, की पुन्हा मोजायचं.

कफ आत राहील ही तुमची भीती मला कळते. पण खोलवरचा कफ वर आणायचं काम खोकला आणि अस्तरावरचे सूक्ष्म केस करतात. तो नळीपाशी आला की उचलून घेणं एवढंच आपलं काम. खोकल्यात जोर नसलेल्या काही मुलांना खोल सक्शन लागतं, पण ते डॉक्टरांनी कारण सांगून ठरवून दिलं तरच करायचं.

यंत्राचा दाबही तपासा. ओढणारी नळी बोटाने पूर्ण बंद करून काटा पाहा. लहान मुलांसाठी तो साधारण ८० ते १२० मिलिमीटर पाऱ्याच्या आत असावा, अगदी तान्ह्या बाळांसाठी त्याहून कमी. घरोघरी मी काटा पार पुढे फिरवून ठेवलेला पाहते. ओढ जास्त म्हणजे सफाई जास्त, असं वाटतं. खरं तर त्या ओढीने अस्तरच जास्त निघतं. ४ नंबरच्या नळीला साधारण ८ फ्रेंचचा (फ्रेंच हे कॅथेटरच्या जाडीचं माप) कॅथेटर पुरतो. आत घालून बाहेर काढेपर्यंत ५ ते १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ नको, आणि बाहेर काढताना तो बोटांत हलकेच फिरवायचा. दर वेळी आधी सलाईनचे थेंब टाकायची सवय असेल तर ती सोडा, नेहमीसाठी त्याची शिफारस नाही. घड्याळ लावून दर तासाला सक्शन करण्याचीही गरज नाही. घरघर ऐकू आली, कफ दिसला, मुलगी बेचैन झाली तर करा. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपवताना मात्र एकदा जरूर करा, म्हणजे नळी मोकळी असल्याची खात्री होते.

एवढं बदलल्यावर दोन-तीन दिवसांत रेघा विरळ व्हायला हव्यात. तसं झालं नाही, किंवा कॅथेटर आत जातानाच अडखळू लागला, तर नळीतून बारीक लवचिक दुर्बीण घालून आत काय आहे ते पाहावं लागेल. कॅथेटर ठरलेल्या आकड्याच्या आधीच अडत असेल तर जोर लावू नका. तिथे मांसांकुर किंवा कफाचा घट्ट गोळा असू शकतो. सक्शन करूनही तो निघत नसेल, श्वास जड असेल, तर नळी बदला.

तुम्हाला ज्यांनी शिकवलं त्यांनी अडेपर्यंत घालायला सांगितलं असण्याची शक्यता मोठी आहे. पूर्वी तसंच शिकवत. त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका, आजपासून आकडा बघून करा.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. नळीवर लावायचं कृत्रिम नाक (श्वासाची हवा ओलसर ठेवणारी छोटी टोपी) तो दिवसभर काढून फेकतो. आम्हीही मागे लागत नाही. हल्ली कफ घट्ट झाला आहे, तपकिरी खपल्या निघतात आणि कधीकधी ताजं रक्तही दिसतं. – एक बाबा

उत्तर : मागे लागा. आपण नाकाने श्वास घेतो तेव्हा हवा उबदार आणि ओलसर होऊन खाली जाते. नळीमुळे नाकाचा रस्ता टळतो आणि कोरडी हवा थेट श्वासनलिकेत शिरते. थंडीत ओठ फुटतात तसं मग अस्तर फुटतं. तपकिरी खपल्या म्हणजे तिथलं वाळलेलं रक्त आणि कफ.

मला रक्तापेक्षा खपल्यांची जास्त काळजी वाटते. नळी काही मिलिमीटरची, त्यात घट्ट खपली अडकली तर ती बंद पडते, आणि नळी बंद पडणं हे थोड्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी घातक. कृत्रिम नाक लावलंच पाहिजे. ते रोज बदला आणि कफाने भिजलं तर लगेच. खेळताना अजिबात राहत नसेल तर निदान झोपेत, बंद खोलीत आणि वातानुकूलित जागी तरी हवा ओलसर करणारं यंत्र लावा. सलाईनची वाफ किती वेळा द्यायची ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तो दिवसभरात पुरेसं पाणी पितो का, हेही बघा. ताप किंवा जुलाब झाले की कफ घट्ट होतोच. आणि एक नंबर लहान अशी राखीव नळी, नळी बांधायची पट्टी आणि कात्री कायम त्याच्याबरोबर असू द्या, तो शेजारच्या खोलीत खेळत असला तरी.

प्रश्न : माझ्या नातवाचा दुधाचा दात पडला, आणि त्याच दिवशी सक्शनमध्ये रक्त आलं. दोन्हींचा काही संबंध असेल का? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, असू शकतो. नळीच्या टोकाजवळ श्वासनलिका बंद करणारा फुगा नसेल तर तोंडातली लाळ नळीच्या बाजूने खाली उतरते, आणि तिच्याबरोबर रक्तही. घोळणा फुटला तरी असंच होतं. म्हणून नळीत रक्त दिसलं की मुलाचं तोंड आणि नाक उघडून बघायची सवय ठेवा. दाताच्या खड्ड्यातलं रक्त थांबल्यावर सक्शनमधलंही थांबायला हवं. थांबलं नाही तर दाखवून घ्या.

प्रश्न : कफाच्या तपासणीत स्यूडोमोनास निघाला. मुलाला ताप आहे, कफ हिरवट, वास येणारा आणि रक्ताने माखलेला. मागच्या वेळीही तोच जंतू निघाला होता, तेव्हा औषध दिलं नव्हतं. या वेळी देत आहेत. कुठलं बरोबर? – एक आई

उत्तर : दोन्ही बरोबर असू शकतं. नळीच्या पृष्ठभागावर जंतू मुक्काम ठोकतात. स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस हे नेहमीचे पाहुणे. मूल ठणठणीत असताना अहवालात त्यांचं नाव आलं म्हणून प्रतिजैविक देऊ नये. दिलं तर तेच जंतू औषधाला दाद न देणारे होऊन परत येतात. या वेळी मात्र ताप आहे, कफाचा रंग-वास बदलला आहे आणि सुजलेल्या अस्तरातून रक्त येतं आहे. हा संसर्ग आहे, उपचार हवेत. औषधाचा कोर्स पूर्ण करा. या दिवसांत सक्शन जास्त वेळा लागेल, म्हणून ठरलेला आकडा आणि दाब यांकडे अधिकच लक्ष द्या. श्वास जोरात चालला, ऑक्सिजन नेहमीपेक्षा खाली आला किंवा ताज्या रक्ताचं प्रमाण वाढलं तर औषधाचा परिणाम होण्याची वाट पाहू नका, रुग्णालयात जा.

प्रश्न : रक्त नळीतून येत नाही, पण गळ्यावरच्या छिद्राभोवती लाल, ओला फुगवटा आला आहे. पट्टी बदलताना तिथून रक्त येतं. – एक मावशी

उत्तर : ते छिद्राच्या कडेचे मांसांकुर. नळी हलत राहिली, व्हेंटिलेटरच्या नळ्यांचं वजन एका बाजूला ओढत राहिलं, त्वचा सतत ओली राहिली की ते येतात. आधी ओढ काढा. पट्टी आणि मान यांच्यामध्ये एक बोट जाईल इतपतच घट्ट बांधा, आणि खालचा गॉज ओला झाला की बदला. फुगवटा तरीही राहिला तर डॉक्टर स्टिरॉइडचं मलम किंवा थेंब देतात, किंवा सिल्व्हर नायट्रेटच्या काडीने तो जाळतात. ही काडी घरी वापरू नका. छिद्राच्या आतल्या बाजूला, नळीच्या वरही असेच मांसांकुर अनेक मुलांमध्ये असतात. छोटे असतील तर त्यांना हात लावत नाहीत. मोठे होऊन आवाज बंद करत असतील, नळी बदलताना त्रास देत असतील किंवा नळी कायमची काढायच्या आड येत असतील, तर भूल देऊन काढतात.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा. स्नायूंचा आजार आहे, पाठीचा कणा बराच वाकला आहे. तीन वर्षांपासून नळी आणि रात्री व्हेंटिलेटर. परवा झोपेत अचानक नळीतून लालभडक रक्त उसळून आलं. सक्शनच्या बाटलीत तीन-चार चमचे तरी असेल. काही मिनिटांत आपोआप थांबलं. आता तो अगदी छान आहे. पुढच्या महिन्यात तपासणीची तारीख आहेच, तोवर थांबू का? – एक आई

उत्तर : या पत्राला उत्तर द्यायला अंकाची वाट पाहिली नाही. संपादकांकडून फोन नंबर घेऊन त्याच दिवशी या आईशी बोलले, आणि संध्याकाळच्या आत मुलगा मोठ्या रुग्णालयात दाखल झाला. इथे छापते आहे ते त्यांच्या परवानगीने, कारण 'आपोआप थांबलं, आता छान आहे' या ओळीवर अनेक घरं निर्धास्त होतात.

छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या भागामागून, श्वासनलिकेला समोरून ओलांडत एक मोठी धमनी जाते. तिचं नाव इनॉमिनेट. उजवा हात आणि मेंदूची उजवी बाजू यांना रक्त तिच्यातूनच जातं. नळीचं टोक किंवा फुगा श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीवर सतत दाबत राहिला, तर ती भिंत झिजते आणि झीज धमनीपर्यंत पोचू शकते. हे फार क्वचित होतं, ट्रॅकिओस्टॉमी झालेल्या शंभर रुग्णांत एकाहूनही कमी जणांत. बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ३-४ आठवड्यांत होतं. पण ज्यांचा कणा वाकडा आहे, मान मागे ताणलेली राहते, त्यांच्या शरीरात धमनी आणि श्वासनलिका यांची जागा बदललेली असते. त्यांना हा धोका वर्षांनंतरही राहतो.

झीज धमनीपर्यंत गेली तर होणारा रक्तस्राव जीवघेणा असतो. पण साधारण निम्म्या रुग्णांमध्ये त्याआधी एक छोटा, आपोआप थांबणारा रक्तस्राव होऊन जातो. मोठ्या स्रावाआधी हाती येणारी वेळ ती हीच. म्हणून माझा नियम साधा आहे : शस्त्रक्रियेला दोन दिवस उलटून गेल्यावर कधीही नळीतून १० मिलिलिटरच्या वर, म्हणजे दोन छोट्या चमच्यांहून जास्त, ताजं लाल रक्त आलं, तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते या धमनीचं समजायचं. ते थांबलं असलं तरीही. नाडीच्या ठोक्याबरोबर नळी हलताना दिसली, तर रक्त दिसलेलं नसतानाही लगेच दाखवायचं. आणि बाळ लहान असेल तर चमच्यांचा हिशोबही आणखी कडक करायचा. पाच किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच मुळी साधारण ४०० मिलिलिटर असतं.

जायचं ते जिथे मुलांच्या श्वासमार्गाच्या आणि छातीच्या शस्त्रक्रिया होतात, अशा रुग्णालयात. तिथे मूल स्थिर असेल तर धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन करतात, आणि शस्त्रक्रियेची सगळी तयारी ठेवूनच दुर्बिणीने आत पाहतात. नळी उगाच हलवत नाहीत. सक्शनच्या बाटलीचा फोटो आणि तिच्यावरच्या मापाचा आकडा बरोबर न्या. 'खूप रक्त' यावरून आम्हाला काही ठरवता येत नाही.

घरीच पुन्हा रक्त उसळलं तर? एकाने रुग्णवाहिका बोलवायची, दुसऱ्याने मुलाजवळ राहायचं. नळीतून हवा जात असेल तर नळी काढायची नाही, सक्शन करून ती मोकळी ठेवायची. रक्ताची गुठळी अडकून हवाच जात नसेल तर मात्र नळी बदलावीच लागते. नळीला फुगा असेल तर तो तुमच्या डॉक्टरांनी शिकवलं असेल तसा फुगवायचा, त्याने रक्त दाबलं जातं आणि खाली फुप्फुसात उतरत नाही. ऑक्सिजन असेल तर लावा. रुग्णालयात डॉक्टर फुगा जास्त फुगवून, आणि तेवढ्याने भागलं नाही तर तोंडातून श्वासाची नळी घालून, गळ्याच्या छिद्रातून बोटाने ती धमनी हाडावर दाबून धरतात आणि तसेच शस्त्रक्रियागृहात जातात. वाकलेल्या कण्याचं मूल घरी पाठवण्याआधी यातलं घरी करण्यासारखं सगळं आईवडिलांकडून हाताने करवून घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कागदावरची सूचना त्या क्षणी कुणी वाचत नाही.

या मुलाच्या बाबतीत धमनी शाबूत निघाली. नळीचं टोक पुढच्या भिंतीवर टेकून तिथे जखम झाली होती आणि मांसांकुर आले होते. वेगळ्या लांबीची आणि वळणाची नळी बसवली, टोक भिंतीपासून सुटलं. महिनाभर थांबले असते तर ती जखम खोल जात राहिली असती.

प्रश्न : रुग्णालयात एकदा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची वाफ दिली आणि रक्त थांबलं. ते औषध घरी आणून ठेवू का? – एक बाबा

उत्तर : नको. काही ठिकाणी ते रुग्णालयात देतात, पण तिथे रक्त कुठून येतं आहे हे आधी पाहिलेलं असतं आणि मुलावर नजर असते. घरी वाफ देऊन रक्त थांबलं, की तपासणी पुढे ढकलली जाते. शिवाय एकदम गोठलेलं रक्त नळीत अडकू शकतं.

प्रश्न : मुलीच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, रोज ॲस्पिरिन चालू आहे. सक्शनमध्ये रेघ दिसली की त्या दिवशी मी गोळी देत नाही. चालेल ना? – एक आई

उत्तर : नाही, चालणार नाही. ही गोळी हृदयात किंवा तिथे बसवलेल्या नळीत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून असते. मनाने एक दिवसही चुकवू नका. रेघ दिसली तर आधी सक्शनची खोली, दाब आणि हवेचा ओलसरपणा तपासा, आणि हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. ते रक्त तपासून डोस ठेवायचा की बदलायचा हे सांगतील. ॲस्पिरिनमुळे साध्या ओरखड्यातूनही जास्त वेळ रक्त येतं, म्हणून तुमच्या मुलीसाठी मोजून सक्शन करणं इतरांपेक्षा जास्त गरजेचं आहे. तापासाठी आयबुप्रोफेन देत असाल तर थांबवा आणि डॉक्टरांना विचारूनच पर्याय घ्या, तेही रक्त गोठण्याच्या आड येतं. कुठल्या तारखेला रेघ दिसली, किती होती आणि ॲस्पिरिन कधी दिली नव्हती हे एका वहीत लिहून पुढच्या भेटीला न्या. न दिलेल्या गोळ्याही त्यात लिहा, डॉक्टरांना ते माहीत असणं आवश्यक आहे.